पुरणाला वासच नाही!

अहो वहिनी, ऐकलंत का? समोरच्या वाड्यातून महालक्ष्म्यांच्या जेवणाचं आमंत्रण आलं, आणि त्यांच्या जावईबापूंनी म्हणे नागपूरहून आधी फोन करून विचारलं, “माझा पाट कुठे मांडणार?” विचारणारच बाप्पा! २०२० विसरला असेल का तो माणूस?

तेव्हा आपला जिल्हा छिंदवाडाच होता. नागपुरातून निघायचं तर ई-पास. यांनी कारण काय भरलं ते महालक्ष्मीलाच ठाऊक. पुरणपोळी काही अत्यावश्यक सेवेत नव्हती! आणि नातवानं तर कहरच केला. “आजी, महालक्ष्म्या पण बाहेरगावाहूनच आल्या नं? मग त्यांना १४ दिवस क्वारंटाइन का नाही?” आजीचा चेहरा असा झाला की... जाऊ द्या.

तर काय सांगत होते, दो गज दूरी! धाकट्यानं सुताराचा टेप आणला, पाटापाटांत ६-६ फूट. पंगत ओसरीवरून अंगणात उतरली, अंगणातून पुढे... मानाच्या जावयाचा पाट थेट गोठ्याशी! शेजारी कोण, तर शिंगांवर पोळ्याचा बेगड अजून मिरवणारा बैल. आपल्याला त्या वर्षी डबाच आला होता, म्हणून मी या कुंपणावरूनच बघत होते. वाढणारे लांबूनच वडे टाकत होते हो! जाम नदीवरची गोटमार माहीत होती, वडेमार पहिल्यांदाच पाहिली.

आणि जावईबापू, मास्क एका कानाला लटकवलेला, काय बोलले? “पुरणाला वासच नाही.”

झालं! लेकीच्या हातातली आंबिलीची वाटी कलंडली. काकाजी पाटासकट दोन हात मागे. कुणी ऑक्सिमीटर लावला, तर ९८. कुणी हिंगाची डबी पुढे केली. सासूबाई ओसरीवरूनच ओरडल्या, “शेणाचा वास येतो का?”

“तो तर मघापासून येतोच आहे, आई!”

तेवढ्यात मोठी सून स्वयंपाकघरातून आली. हातात वेलची-जायफळाची पुडी, न फोडलेली! पुरण कुणी शिजवलं होतं? सासूबाईंनी. सोवळ्यात, एकटीनं, ‘इन्फेक्शन’ नको म्हणून सुनांना उंबऱ्याबाहेर ठेवून. सून एक शब्द बोलली नाही हं. पुडी डब्यात ठेवली, झाकण मात्र जरा जोरात लावलं.

यंदा पुरण म्हणे तिच्याच हाती, आणि सासूबाई... अगंबाई, इकडेच येताहेत! संत्र्याच्या बहाराचं बोला वहिनी, बहाराचं!