सॅलडवाले काका

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक घ्या. काउंटी पार्कातली शेड, खाली लांबलचक टेबलं, त्यांवर फॉइलच्या ट्रेमध्ये मसालेभात, बटाटेवडे, श्रीखंड. रांगेच्या शेवटच्या टोकाला एका लाकडी बोलमध्ये जांभळी-हिरवी पानं आणि मळसूत्री फुसिली पास्ता. बोलमागे उभे असतात सॅलडवाले काका. तुम्ही किती वाढून घेता यावर त्यांची बारीक नजर असते.

काका पासष्टीचे. एमएस करायला आले ते इथलेच झाले, टेलिकॉममधून निवृत्त झाले आणि काकूंबरोबर इटलीची टूर करून आले. त्या टूरमध्ये काकूंनी व्हेनिस पाहिलं, काकांनी त्रेव्हिझोचं राडिक्किओ. तेव्हापासून ते घरात एकच पदार्थ करतात. पण तो चालू असेपर्यंत दुसऱ्या कुणाला पाणी प्यायलाही ओट्यापाशी फिरकता येत नाही.

आदल्या संध्याकाळी वजनकाटा बाहेर निघतो. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, लिटरला दहा ग्रॅम मीठ. काकूंचा सगळा संसार अंदाजाच्या मिठावर झालाय, त्या नुसत्या बघतात. मग राडिक्किओ. तांबडा कोबीच दिसतो, पण काकांसमोर कोबी म्हणायची सोय नाही. गड्डा मधोमध चिरायचा, बुडख्याचा पांढरा भाग तिरकी सुरी घालून काढायचा, पानं बोटभर रुंद कापून अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवायची. कडूपणा जरा उतरतो, पान कुरकुरीत होतं. "जराच उतरवायचा," काका बजावतात. "सगळा उतरवायचा असेल तर आइसबर्ग खा की!"

गरम खायचा पास्ता दाताला लागेल इतपतच शिजवतात. सॅलडचा मात्र मिनिटभर जास्त, कारण गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि पास्ता कडक लागतो. ऑलिव्ह तेल, लिंबू, लसूण यांचं निम्मं ड्रेसिंग पास्ता कोमट असतानाच मुरवायचं. पानं अगदी शेवटी, पार्कात पोचल्यावर, नाहीतर लिंबाने मान टाकतात. हे सगळं काका शंभर टक्के बरोबर सांगतात. फक्त ते वड्यांच्या रांगेत सांगतात, त्यामुळे कोणी ऐकत नाही.

भरीला पांढरे कॅनेलिनी बीन्स आणि भाजलेले अक्रोड. "बोलभर खाल्लं की जेवण झालं," असा काकांचा दावा आहे. बोलभर खाऊन तो तपासायला अजून कोणी पुढे आलेलं नाही.

एका वर्षी वर पार्मिजानो चीजचे काप होते. एका काकूंनी सहज विचारलं, "व्हेज आहे ना हो?" काकांना खोटं बोलता येत नाही. अस्सल पार्मिजानो-रेज्जानो करताना दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेटच लागतं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. बातमी श्रीखंडापर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली. त्या दिवशी बोल भरलेलाच घरी गेला. आता लेबल वाचून व्हेज रेनेटचं फेटा आणतात.

पण काकांचं खरं प्रेम कडूवर. अरुगुला, एस्करोल, डँडेलियन. वसंतात दीड-दोन तास गाडी हाकत दक्षिण जर्सीतल्या व्हाइनलंडला जातात. तिथल्या इटालियन शेतकऱ्यांनी डँडेलियनची अशी शेती केली की गावाने स्वतःला जगाची डँडेलियन राजधानीच जाहीर करून टाकलंय. तिथून जुड्या आणतात आणि गाडी लावताना स्वतःच्या लॉनवर उगवलेलं डँडेलियन दिसलं की तणनाशकाची बाटली काढतात. जावई तमिळ. त्याच्या फिल्टर कॉफीतली चिकोरी आणि राडिक्किओ ही एकाच जातीची झाडं, त्याचं मूळ तू पितोस आणि पान मी खातो, हे काका त्याला दर भेटीत ऐकवतात. जावई गुणी आहे, दर वेळी नव्याने चकित होतो.

हाच माणूस लहानपणी पाडव्याची कडुनिंबाची गोळी गालात धरून ठेवायचा आणि मोरीत जाऊन थुंकायचा, अशी थोरल्या बहिणीची साक्ष आहे. काकूंची तक्रार त्याहून ताजी. "माझ्या हातची कारल्याची भाजी यांनी जन्मात कधी दुसऱ्यांदा मागितली नाही. नावात इटली असती तर ताट चाटलं असतं." यावर काका म्हणतात, "कारल्यात गूळ घालतेस, तिथेच सगळं बिघडतं."

पिकनिकला फोनवर गजर लावलेला असतो. पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर गेला की बाहेर ठेवलेलं अन्न तासाभरात आत गेलं पाहिजे, हा इथल्या सरकारचा सल्ला काका एकटे पाळतात. गजर वाजला की बोल थेट कूलरमध्ये, मग समोर मंडळाचे अध्यक्ष प्लेट घेऊन उभे असले तरी.

आता खरं सांगायचं तर सॅलड फर्स्टक्लास असतं. दोन वडे आणि श्रीखंडानंतर जिभेला तरतरी आणणारं त्या टेबलावर दुसरं काही नसतं. तेव्हा तुमच्या मंडळात असे काका असतील तर गजर व्हायच्या आत डावभर वाढून घ्या. आणि वर शेव भुरभुरायची असेल तर जरा आडोशाला जाऊन भुरभुरा.