बसल्या बसल्या

गोधडी शिवून देणाऱ्या मावशीला "किती झाले?" असं विचारू नये. विचारलंच, तर पुढचा अर्धा तास मोकळा ठेवावा, कारण मावशी किंमत सोडून सगळं सांगते. दोरा कुठून आणला, सुई कितव्यांदा मोडली, तुमच्या सासूबाईंच्या इरकलीचा काठ किती चिवट निघाला, मधल्या थरात घातलेल्या धोतराला अजून तपकिरीचा वास कसा येतो. आकड्यापाशी मात्र गाडी अडते. पदराने कपाळ टिपत ती म्हणते, "द्या की तुमाला वाटंल ते."

माझ्या पाहण्यातली मावशी माण तालुक्यातून पुण्यात मुलाकडे राहायला आलेली. दुपारची भांडी आवरली की फ्लॅटच्या हॉलमध्ये टीपॉय भिंतीला सरकवायचा, फरशीवर साड्यांचे थर पसरायचे, कडेने कच्चे टाके घालायचे आणि मग काठापासून आत आत सरकत धावदोरा. शेवटचे टाके घालण्याआधी मध्यभागी भाकरीचा एवढासा तुकडा ठेवते. वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. स्वतःच्या पोटाचा विषय निघाला की "आता मला काय लागतंय?"

आता ही बाई भोळी आहे असं कुणी समजू नये. मंडईत वीस रुपयांची मेथी ती पंधराला मागते आणि वर चार मिरच्या उचलते. एका फाटक्या पँटीवरून बोहारणीशी तिची जी बोलणी चालतात, ती ऐकायला वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन थांबतात. बोहारीण पातेलं उलटं करून दाखवते, मावशी पँट उलटी करून दाखवते, आणि शेवटी पातेल्याबरोबर झाकणही घरात येतं. हीच मावशी स्वतःच्या कामाचा भाव सांगायची वेळ आली की दाखवायला बसवलेल्या मुलीसारखी जमिनीकडे बघू लागते.

त्यात गिऱ्हाईक असतं तयारीचं. गेलेल्या आईच्या चार नऊवारी, दोन चादरी आणि डोळ्यांत पाणी असा ऐवज घेऊन बाई येतात. गोधडी उबदार हवी, पण जड नको. नातवासाठी अमेरिकेला न्यायची आहे, विमानात 23 किलोच्या बॅगेत लोणची-चटण्याही बसल्या पाहिजेत. आईचा जांभळा पदर बरोबर मधोमध आला पाहिजे. एवढं सांगून झाल्यावर सहज म्हणून विचारतात, "कापड तर आमचंच आहे, मग पैसे कसले पडणार फारसे?" हाच न्याय लावायचा तर सर्जनलाही फी द्यायचं कारण नाही. पोट आपलंच असतं.

पण मावशीला ते पटतं! तिच्या मनातला हिशेब शून्यापासून वर चढत नाही, वरून खाली उतरतो. साड्या जुन्या, मऊ होत्या, सुई सरसर गेली, म्हणून थोडे वजा. बाईंनी दारात बसवून न ठेवता आत घेऊन चहा दिला, तो वजा. त्या मागच्या गल्लीतल्या सूनबाईंच्या ओळखीच्या निघाल्या, मग तर बोलायलाच नको. उरलेली रक्कम एका वाक्यात निकालात निघते: "एरवी बसलेलीच असते की मी. बसल्या बसल्या केली."

या 'बसल्या बसल्या'ने महाराष्ट्रातल्या बायकांचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं अवर्षणानेही केलं नसेल. गोधडी कुणी उभ्याने शिवतं का? मंत्रालयातलं कामही बसल्या बसल्याच होतं, पगार मात्र एक तारखेला.

आमच्या खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी एकदा टेप घेऊन मावशीची गोधडी मोजली. पाच फूट बाय सात फूट, अर्ध्या इंचाला एक ओळ, इंचाला दोन टाके. एकूण 20,160 टाके. टाक्याला दहा पैसे धरले तरी दोन हजारांच्या वर जातात. आणि पंचवीस पैशांपर्यंतची नाणी 2011 सालीच चलनातून गेली, म्हणजे मावशीच्या एका टाक्याची मजुरी चुकवायला सरकारकडे नाणंसुद्धा नाही. मिनिटाला सहा टाके पडतात असं धरून काकांनी 56 तास काढले, आणि मावशीने मागच्या खेपेला घेतलेल्या 600 रुपयांना त्यांनी भागले. तासाला अकरा रुपयेही पडेनात. काकांना दरदरून घाम फुटला. मावशी म्हणाली, "टाकं मोजलं व्हय तुमी? काय काम न्हाई का दुसरं?"

शेवटी कॉमर्सला असलेल्या नातीने मनावर घेतलं. पुठ्ठ्यावर स्केचपेनने दरपत्रक लिहून दाराला लावलं: सिंगल 2,000, डबल 3,500, दुपटं 400, निम्मे पैसे आगाऊ. मावशीने ते दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याला दोरा गुंडाळलेला आढळला. "लोकं वाचत्यात गं येता-जाता," हे कारण.

नात मात्र खमकी. पुढची गोधडी न्यायला आलेल्या बाईंना तिनेच दारात गाठून सांगितलं, "दोन हजार." स्वयंपाकघरात मावशीच्या हातातली पळी थांबली. बाईंनी हूं की चूं न करता पर्स उघडली आणि पाचशेच्या चार नोटा मोजून दिल्या. घासाघीस नाही, 'बघा काही कमी होतंय का' नाही, काही नाही.

मावशीचा जीव कासावीस झाला. समोरचा बोलत नाही, म्हणजे आपण त्याला नक्की लुटलंय. ती बाहेर आली, एक नोट परत बाईंच्या हातात कोंबली, वर कपाटातून एक नवंकोरं दुपटं काढलं आणि गोधडीवर ठेवलं.

"अहो, पण आमच्या घरात लहान कुणीच नाही," साठीच्या बाई म्हणाल्या.

"हुईल की," मावशी म्हणाली. "तवर उशाला घ्या."