दहावा गडी

खो-खोत एका संघाचे नऊ गडी मैदानात असतात, असं नियमपुस्तक म्हणतं. शालेय स्पर्धेत दहावाही असतो. तो चुन्याच्या रेषेबाहेर, गॉगल कपाळावर सरकवून उभा असतो. त्याची मुलगी चौदा वर्षांखालच्या संघात खेळते. तो स्वतः चौदा, सतरा, एकोणीस यांपैकी कुठल्याच वयोगटात बसत नाही, तरी सगळ्यांत जास्त तोच दमतो.

एरवी गृहस्थ सज्जन. शाळेच्या बक्षीस समारंभात माइक हाती आला, की खिलाडूवृत्तीवरच बोलणार. उदाहरण ठरलेलं. १९८० साल, वानखेडे, इंग्लंडविरुद्धची कसोटी. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. पण बॅटला चेंडू लागलेलाच नाही, म्हणून कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावलं! इथे आवंढा. मागच्या रांगेतून एक पोरगं हमखास विचारतं, "मग जिंकलं कोण?" त्या टेलरने पुढे बॉथमबरोबर १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने दहा गडी राखून सामना मारला, हा भाग भाषणात नसतो. तिथे पाणी पिऊन झालं, की थेट "जय हिंद, जय महाराष्ट्र."

आता हेच गृहस्थ तालुक्याच्या सामन्याला पाहा. शिट्टी होते न होते तोच "खो दे! अगं, खो दे!" सुरू. चौकोनात बसलेल्या आठही मुलींना वाटतं, आपल्यालाच सांगतायत. समोरच्या संघातली मुलगी पाठलाग करताना जरा वळली, की "दिशा बदलली! फाऊल!" आपली वळली, की "पंच, खेळ चालू द्या ना जरा!" क्रीडाशिक्षक तोवर पाण्याची बाटली घेऊन कडुनिंबाआड गेलेले असतात. या माणसांनी नोकरीत बरंच पाहिलेलं असतं.

मग त्यांची लेक खांबाजवळ बाद होते. गृहस्थ रेषा ओलांडून आत. "हात लागलाच नाही! मी बघितलंय!" पंच काही बोलायच्या आत पोरगीच गुडघ्यावरची माती झटकत म्हणते, "लागला, पप्पा. वेणीला." आणि चालू लागते.

क्षणभर शांतता. मग गृहस्थ शेजाऱ्याकडे वळून, छाती फुगवून म्हणतात, "बघितलंत? याला म्हणतात घरचे संस्कार."

सामना गेला, की हे संस्कार समोरच्या संघाचे जन्मदाखले तपासायला निघतात. एवढ्या उंच मुली चौदाच्या आतल्या कशा, हा प्रश्न त्यांना फक्त हरल्यावर पडतो. तोवर त्या उंच मुली आणि यांची लेक एकाच गाडीवर वडापाव खात असतात.

आयोजकांना एवढीच विनंती, की पालकांसाठी मांडव घाला, चहा द्या, खुर्च्याही द्या. फक्त त्या खुर्च्या मैदानाकडे पाठ करून मांडा.