दोन गुरुजी, चार वर्ग: नवख्या शिक्षणसेवकासाठी आठवड्याची मार्गदर्शिका

पवित्र पोर्टलवर तुमचं नाव लागलं, जालना जिल्हा मिळाला आणि हातात आदेश पडला: जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, अमुक वाडी, तालुका मंठा. मंठ्याच्या जागी परतूर, घनसावंगी किंवा भोकरदन असेल तरी पुढच्या सूचनांत काही फरक पडत नाही. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक. मानधन २०२३ पासून महिना १६,००० रुपये. त्याआधी ते ६,००० होतं, हे जुने सहकारी तुम्हाला पहिल्याच चहाला ऐकवतील आणि चहाचे पैसे तुम्हालाच द्यायला लावतील.

ही मार्गदर्शिका शासनाची नाही. त्यामुळे हिच्यावर जावक क्रमांक नाही आणि ही वाचल्याचा फोटो कुठल्या ग्रुपवर टाकायचा नाही.

आधी शाळा समजून घ्या. पहिली ते चौथी, वर्ग चार, खोल्या दोन, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यानं ६० पटापर्यंत दोन शिक्षक ठरवून दिलेत. हिशोब चोख आहे, माणशी तीस लेकरं. मात्र या तिसांत दोन इयत्ता असतात, आणि दोघांतल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार असतो. प्रभार ज्याच्याकडे, तो केंद्रावर तरी असतो, पंचायत समितीत तरी, नाहीतर बँकेत पासबुक भरायला गेलेला. म्हणजे शाळेत उरता तुम्ही. आता एका माणसानं चार वर्ग कसे चालवायचे? चालवायचे नसतातच. ते चौथीतल्या दोन पोरी चालवतात. पहिल्या दिवशीच त्या दोघी कोण ते हेरा आणि त्यांच्याशी नम्रपणे वागा. खडू कुठं, घंटा कुणी वाजवायची, कोणत्या खिडकीची कडी लागत नाही आणि साहेब आले की कोणता तक्ता भिंतीवर लावायचा, हे सगळं त्यांना ठाऊक असतं.

आता आठवडा घेऊ.

सोमवारी परिपाठ. तो रोजच असतो, पण सोमवारी गणवेश धुतलेले असल्यामुळे फोटो सोमवारी काढावा. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा आणि शेवटी पसायदान. कागदावर हे वीस-पंचवीस मिनिटांत बसतं. मैदानात मात्र ओळ सरळ करण्यातच दहा मिनिटं जातात, कारण पहिलीतल्या लेकरांना सावलीत उभं राहायचं असतं आणि सावली काही सरळ ओळीत पडत नाही. सुविचार सांगणारं पोरगं फळ्यावरचाच वाचून दाखवतं, आणि फळ्यावरचा शुक्रवारचा असतो. हरकत नाही, सुविचार नासत नाहीत.

बातम्यांची जबाबदारी चौथीकडे द्या आणि कान देऊन ऐका. मंत्र्यांचे दौरे ती पोरं अडखळत वाचतात. पण कापूस, सोयाबीन आणि मोसंबीचा भाव आला की आवाज चढतो आणि क्विंटलमधलं जोडाक्षर एकदम स्वच्छ निघतं. रांगेतलं एखादं मागून पुटपुटतं, "आमच्याला एवढा नाही लागला." हा तुमचा भाषेचा, गणिताचा आणि परिसर अभ्यासाचा पाठ. टाचणात मात्र तो 'वाचन' या एकाच रकान्यात जाईल.

पुण्या-कोल्हापूरकडून आला असाल तर दिनविशेषाबाबत एक सूचना. तिकडं वर्षात झेंडा तीनदा चढतो, इथं चारदा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि त्या दिवशी शाळेत सुट्टी समजून गावी निघून गेलात तर अख्खी वाडी लक्षात ठेवील. १ मेलाही 'महाराष्ट्र दिन' एवढंच लिहून थांबू नका. १९८१ साली त्याच तारखेला औरंगाबाद आणि परभणीतून तालुके काढून जालना जिल्हा झाला. केंद्रप्रमुख हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो मुलांना नव्हे, तुम्हाला विचारतात.

मंगळवार वाचनाचा. २०२१ पासून निपुण भारत आहे. तिसरी संपेपर्यंत लेकरानं समजून वाचावं आणि साधा हिशोब करावा, असं उद्दिष्ट. मुदत २०२६-२७ ची. उद्दिष्टाबद्दल माझी काही तक्रार नाही, किंबहुना इतकं सरळ उद्दिष्ट शिक्षण खात्यानं फार वर्षांत लिहिलं नव्हतं. अडचण मंगळवारचीच आहे. तुम्ही शब्दपट्ट्या जमिनीवर मांडता, पोरं गोल बसतात, एक पट्टी उचललीही जाते आणि मोबाईल वाजतो. लिंक आलेली असते. 'आजच, दुपारी दोनपर्यंत, अत्यंत तातडीचे.' निपुण उपक्रम किती मुलांनी केला याची माहिती भरायची असते. ती भरेपर्यंत उपक्रम थांबवावा लागतो. नवख्यानं इथं गोंधळून जाऊ नये. माहिती खरीच भरा: उपक्रम चालू होता.

कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. लिंक अशैक्षणिक नसते. तिच्या नावात बहुधा 'शैक्षणिक' हा शब्द असतोच.

तांड्यावरची लेकरं पटावर असतील तर मंगळवारी आणखी एक तयारी लागते. पहिलीतलं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि आईला याडी म्हणतं. पुस्तकातल्या आईचं चित्र दाखवून तुम्ही "ही कोण?" विचारता, तेव्हा ते गप्प बसतं. नोंदवहीत लगेच 'प्रतिसाद देत नाही' असं लिहू नका. तिसरीतल्या त्याच्या बहिणीला हाक मारा. ती त्याच्या कानात दोन शब्द बोलते आणि प्रतिसाद इतका येतो की आवरावा लागतो. या दुभाषी बाईंना शासन मानधन देत नाही. निदान एक नवीन पेन्सिल द्या.

बुधवारी काही विशेष नसतं. बुधवारी शिकवून घ्या.

शालेय पोषण आहार रोजचा. योजनेचं आजचं नाव पीएम पोषण, लेकरांचं नाव खिचडी. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी तुम्ही चव घ्यायची आणि चव नोंदवहीत शेरा मारायचा. मागची पानं उलटून पाहा. वर्षानुवर्षं एकच शेरा आहे, 'चांगली'. शेरा बदलायची हिंमत करू नका, कारण खिचडी शिजवणाऱ्या मावशी नोंदवही वाचत नसल्या तरी त्यांना कळतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा जादा निधी बंद झाला आणि अंडं लोकसहभागावर सोडलं गेलं. वाडीवर लोकसहभाग म्हणजे नेमके कोण, हे तुम्हाला महिनाअखेरीला पाकीट उघडल्यावर समजेल.

मावशींबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. हजेरीपटावर चाळीस, ॲपवर एकोणचाळीस आणि मावशींच्या मते सदतीस ताटं असतील तर मावशींचं खरं. जी दोन-तीन कमी आहेत ती कुठं गेली तेही त्यांनाच विचारा. "तिची माय वेचणीला गेली, ही बारक्याला घेऊन बसली घरी," असं उत्तर येईल. गळतीचं सर्वेक्षण म्हणतात ते हेच, खिचडी ढवळता ढवळता झालेलं.

गुरुवारी बाल आनंद मेळावा घ्या, म्हणजे शाळेतला आठवडी बाजार. दर गुरुवारी जमणार नाही. हिवाळ्यात एकदा घेतला तरी वर्षाचं गणित सुटतं. कृती अशी. मुलांना सांगा, घरी पिकतं किंवा घरी होतं तेच विकायला आणा. सकाळी मैदानात गोणपाटं अंथरली जातात. मेथी, कोथिंबीर, मोसंबी, शेंगा, एखाद्याच्या आईनं करून दिलेली भेळ. बायाबापड्या पिशव्या घेऊन येतात. सरपंच येतात, घासाघीस न करता घेतात आणि फोटोत राहतात.

तुम्ही तिसरीतल्या एका पोरीसमोर उकिडवे बसा. मेथीची जुडी दहा रुपयांना, तीन घेतल्या तर पंचवीसला. विचारा, "चार घेतल्या तर?" "पस्तीस." "आणि सात?" ती तुमच्याकडं पाहते, जुड्यांकडं पाहते, बोटानं तीन बाजूला सारते, आणखी तीन सारते, उरलेली एक वर धरते. "साठ." शंभराची नोट द्या. चाळीस परत येतात, त्यातही दहाची फाटकी नोट ती आपल्याकडं न ठेवता तुमच्या गळ्यात घालते. मग सोमवारी हेच उदाहरण वहीत घाला, मेथीच्या जागी वह्या आणि रमेश-सुरेश घालून. तीच पोरगी पेन्सिल चावत बसते आणि सात गुणिले दहा करून सत्तर लिहिते.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर असाच अभ्यास झाला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. टोपलीपाशी बिनचूक हिशोब करणारी मुलं कागदावर तेच उदाहरण आलं की चुकत होती. त्या संशोधकांचं जगभर नाव झालं. आपल्याकडच्या कुठल्याही वाडीवरच्या बाईंना हे विचारलं असतं तर त्यांनी मेथी निवडता निवडता सांगितलं असतं. तुमचं काम एवढंच, की त्या तीन-तीन-एकच्या जुड्या वहीत कशा मांडायच्या ते तिला दाखवायचं. हे काम एका दिवसात होत नाही आणि त्याची लिंक येत नाही, म्हणून ते सवडीनं करता येतं.

शुक्रवार नोंदींचा. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक, संकलित आणि प्रत्येक लेकराची वर्णनात्मक नोंद. इथं नवखा शिक्षक जीव ओतून लिहितो: 'हा मुलगा पावसाबद्दल फार सुंदर बोलतो, पण स्वतःहून नाही, शेजारी कुणी असेल तर.' जुने सहकारी ही नोंद वाचून हसतील आणि तुम्हाला तयार वाक्यांची पीडीएफ पाठवतील. 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो.' 'प्रगतीस वाव आहे.' या वाक्यांना धक्का लागत नाही, ती कुठल्याही मुलाला बसतात. अगदी गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही बसतील. तरी माझा सल्ला, दोन-चार खऱ्या नोंदी मध्येच घुसवत जा. तपासणारे वाचत नाहीत, पण पुढच्या वर्षी तुमची बदली झाली तर येणारा वाचतो.

शुक्रवारी दुपारी आज्या येतात. नातवाला दाराशी सोडतात आणि म्हणतात, "गुरुजी, मारा पण शिकवा." पहिल्या भागाची परवानगी आजीच्या हातात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. आजीला हे समजावत बसू नका. "शिकवतो, आजी," एवढंच म्हणा आणि पाणी विचारा.

शनिवारी सकाळची शाळा. २०२४ पासून आनंददायी शनिवार आहे, दप्तर घरी ठेवायचं. योजना चांगली, अंमलबजावणीत एक खाच आहे. आनंद झाल्याचा पुरावा लागतो. मुलं मातीचे बैल करत असतील तर त्यांना मध्येच थांबवून हसायला सांगावं लागतं, आणि बैलांची शिंगं तोवर वाळतात. पोळ्याच्या आधीचा शनिवार असेल तर फोटो लवकर काढून मोकळे व्हा. या भागात पोळा हा लेकरांचा सर्वांत मोठा सण, आणि बैलाच्या वशिंडाचा उंचवटा कुठं द्यायचा यावर चौथीतले तुम्हाला धडा देतात. शांतपणे घ्या. तुमची डी.एड. झालेली असली तरी बैलावर झालेली नाही.

हे सगळं हाती येईपर्यंत दिवाळी येते. आतापर्यंत सांगितलेला आठवडा पहिल्या सत्रापुरता खरा. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांचे मुकादम फिरतात, उचल दिलेली असते, आणि ट्रॅक्टर नाहीतर ट्रकवर बिऱ्हाडं चढतात. कोयता, भांडी, शेळी आणि तुमच्या वर्गातली लेकरं. काही साताऱ्या-सांगलीकडं जातात, काही थेट कर्नाटकात. ज्यांची आजी घरी राहते त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह आहे. त्याचा प्रस्ताव दिवाळीच्या आधी पाठवा, ट्रॅक्टर निघाल्यावर नाही. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, मुकादमाचा नंबर लिहून घ्या आणि कोणत्या कारखान्याच्या हद्दीत टोळी उतरणार ते विचारून ठेवा.

मार्चमध्ये, कधी त्याहूनही उशिरा, ती लेकरं परत येतात. उन्हानं रापलेली, पुस्तकाचं कव्हर गेलेलं, एखादीच्या बोटाला पाचटाचा काप. त्या दिवशी तुमच्यासमोर संकलित चाचणीच्या प्रश्नपत्रिका असतील आणि ॲपवर 'सतत गैरहजर' असा पर्याय असेल. पट कमी झाला तर दुसरं पदही धोक्यात येतं, ही भीती खरी आहे, पण मी ती तुम्हाला कारण म्हणून देत नाही. नाव पटावरून कमी करू नका, एवढीच विनंती. गैरहजेरी मांडत राहा, महिनाभर, चार महिने, पण नाव त्याच क्रमांकावर ठेवा. आल्यावर हजेरी घेताना ते मूल आपला नंबर येईपर्यंत वाट बघत असतं.