साधी भेट, सक्तमजुरी

मराठीत 'मुलाखत' या शब्दाला तीन अर्थ आहेत. नोकरी मागायला गेलं की मुलाखत, नाव झालं की टीव्हीवर मुलाखत आणि नाव गेलं की तुरुंगाच्या दारात मुलाखत. माझ्या भाच्याने पहिल्या प्रकारच्या अकरा दिल्या, एकीतही निवड नाही. शेवटी वशिल्याने एका पतसंस्थेत वसुली क्लार्क म्हणून चिकटला आणि चार वर्षांत थेट तिसऱ्या प्रकारात पोचला. फरक इतकाच, की या मुलाखतीत उमेदवार आम्ही असतो.

संस्थेच्या अध्यक्षांनाही त्याच गुन्ह्यात अटक झाली. पण त्यांच्या छातीत दुखलं, ते इस्पितळात गेले. तिथे भेटायची वेळ चार ते सात, ओळखपत्र लागत नाही, शहाळं चालतं. भाच्याचं हृदय दणकट निघालं, तो कारागृहात गेला. ज्यांच्या घरातली हृदयं अशीच दणकट आहेत, त्या वाचकांच्या सोयीसाठी ही छोटी मार्गदर्शिका.

पहिली तयारी नोंदणीची. हल्ली भेटीची नोंदणी घरबसल्या 'ई-मुलाकात'वर करता येते. भेटणाऱ्याचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता, वय, नातं, ओळखपत्र, त्याचा क्रमांक, ईमेल, मोबाईल. मग कैद्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, राज्य, कारागृह. मग वेडीवाकडी अक्षरं ओळखून आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं. (कारागृहाशी संबंधित कामात आपण माणूस आहोत की नाही हे कुणीतरी विचारतं, याचंच मला भरून आलं.)

आमची आक्का, म्हणजे भाच्याची आई, शेजारी बसली होती. मोबाईल नंबर विचारला तर तिने घडाघडा दहा आकडे सांगितले. तिला तेवढा एकच नंबर पाठ. मी टाकला. ओटीपी गेला. आम्ही वाट पाहिली. पुन्हा पाठवला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा नंबर भाच्याचा आहे. त्याचा फोन मुद्देमाल म्हणून जप्त होऊन पोलीस ठाण्यात लाखेच्या मोहरेखाली पडलाय. तिथे त्या पाकिटात त्याच्याच भेटीचे तीन ओटीपी शांतपणे जाऊन बसले. आरोपपत्रात त्यांचा उल्लेख येऊ नये, एवढीच प्रार्थना.

दुसरी तयारी नातं सिद्ध करण्याची. आईचं सोपं असतं. मी पडलो मामा, आडनाव वेगळं. खिडकीतल्या हवालदारांनी माझं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मामा कशावरून?" महाराष्ट्रात खाकीतल्या माणसाला आपण मामाच म्हणतो, तेव्हा हा प्रश्न मलाही त्यांना विचारता आला असता. पण मी नम्रपणे सांगितलं, की ही माझी सख्खी बहीण आणि तो तिचा मुलगा.

"पुरावा?"

मामा असल्याचा दाखला तहसीलदार देत नाहीत. मी म्हटलं, लग्नात बोहल्यावर भाच्याच्या पाठीशी मीच उभा होतो, फोटो आहे. "दाखवा." फोटो मोबाईलमध्ये आणि मोबाईल समोरच्या चहाच्या टपरीवर दहा रुपये भाड्याने ठेवलेला. कारण फलकावर ठळक अक्षरात मोबाईलबंदी. तसं सरकारी मराठीत आता कैद्यालाच 'बंदी' म्हणतात. आत न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी. बाहेर मोबाईलबंदी, तंबाखूबंदी. दाराच्या दोन्ही बाजूंना बंदीच. शेवटी आक्का खिडकीत वाकून म्हणाली, "अहो, मामाच आहे तो. एवढी वर्षं सगळे त्याला मामा बनवतायत, तुम्हीही बनवा." हवालदार हसले आणि शिक्का पडला.

तिसरी तयारी सामानाची. हिची माहिती ना फलकावर मिळते, ना संगणकावर. ती रांगेत मिळते. आमच्या पुढे एक मावशी होती. साडेतीन वर्षं दर आठवड्याला येते. तिच्याकडे कायद्याचं पुस्तक नाही, पण तिच्यासमोर सरकारी वकिलाने पाटी-पेन्सिल घेऊन बसावं. ती सांगते, "नाडीची चड्डी आणलीस का? परत जाणार. इलॅस्टिकची आण. टॉवेल आखूड पायजे. साबण आणू नको, आतल्या कॅन्टीनमधनं घेतो तो, तू फक्त मनीऑर्डर कर. आणि ताई, पदराची पिन काढून टपरीवर ठेव, नायतर पुन्हा रांग." आक्काने पिन काढली. त्यानंतर दिवसभर ती एका हाताने पदर धरून उभी होती.

आक्काने लाडू आणले होते. बेसनाचे, बारा. मावशी म्हणाली, "चालत नाहीत." आक्का म्हणाली, "विचारून तर बघू." कायद्याच्या दृष्टीने आक्का बरोबर होती, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. इंग्रजांनी १८९४ साली केलेल्या तुरुंग कायद्याच्या कलम ३१ मध्ये, ज्याच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशा कैद्याला बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण घ्यायची मुभा आहे. फक्त पुढे एक शेपटी आहे: तपासणीच्या आणि नियमांच्या अधीन राहून. मुभा वाघाची असते आणि शेपटी मारुतीची. लंका जळते ती शेपटीने.

तर झडतीच्या टेबलावर डबा उघडला गेला. "लाडू फोडून दाखवा." आक्काने एक फोडला. "सगळे." तिने बाराही फोडले. प्रत्येकाच्या मध्यात एक बेदाणा होता, त्याखेरीज काही आक्षेपार्ह सापडलं नाही. मग झडतीवाल्या बाई म्हणाल्या, "खाण्याचं आत चालत नाही."

"मग फोडायला का सांगितलेत?"

"तपासणी वेगळी, परवानगी वेगळी."

प्रशासन या विषयावर मी गेली तीस वर्षं वाचतोय. इतकी नेमकी व्याख्या कुठल्याही ग्रंथात आढळली नाही.

त्याच कायद्याचं कलम ४१ म्हणतं, की संशयाला जागा असेल तर भेटायला आलेल्याची झडती घेता येईल, पण ती कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर घेऊ नये. गोऱ्या साहेबाला, ज्याने आपल्या देशालाच तुरुंग केलं, एवढी भीड वाटली होती. आमची झडती पन्नास माणसांच्या साक्षीने झाली. संशयाला जागा होती का, असं मी विचारणार होतो. पण रांगेत उभं राहायलाच जागा नव्हती, संशयाला कुठून असणार? पुढचं कलम ४२. बंदी असलेली वस्तू आत नेली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आत जायला नोंदणी, ओटीपी, मामा असल्याचा पुरावा यांतलं काहीच न लागणारा हा एकमेव मार्ग. मुक्कामही भेटीच्या वीस मिनिटांहून बराच मोठा.

रांग हा या मुलाखतीचा खरा गाभा. आम्ही सात वाजता पोचलो, नंबर लागला एक्केचाळिसावा. तो येईपर्यंत माणूस माणसाला ओळखू लागतो. गुन्हा कुणी विचारत नाही, 'कितवी तारीख?' एवढंच विचारतात. वकील बदलावा का, जामीनदार कुठे मिळतो, सगळा सल्ला फुकट. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशभरात ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे ज्यांचा खटला चालू आहे किंवा सुरू व्हायचा आहे असे. आमच्या रांगेवर हा हिशेब बसवला, तर चौघांतले तिघे अशाच माणसाला भेटायला आले होते ज्याने काही केलं असं अजून कुठल्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. त्याची शिक्षा ठरायची आहे. आमची मात्र ठरली होती आणि ती सकाळी सातपासून चालू झाली होती. गुन्हा एकच: नातं.

तुरुंगात जायला एवढे कष्ट का, असं कुणाला वाटेल, तर त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा आहे. २६ जानेवारी २०२१ला आपल्या सरकारने येरवड्यात 'जेल पर्यटन' सुरू केलं. सुरुवातीचा दर शाळेच्या मुलांना पाच रुपये, कॉलेजच्या मुलांना दहा आणि इतरांना पन्नास. गांधीजी आणि लोकमान्य जिथे राहिले ते यार्ड बघा, १९३२चा पुणे करार झाला ती जागा बघा, माहिती सांगायला सोबत माणूस. मी याच्या अजिबात विरोधात नाही. चापेकरांना जिथे फाशी दिली, ती भिंत प्रत्येक मराठी पोराने पाहावी. माझं म्हणणं एवढंच, की पन्नास रुपये घेऊन आलेला तो पाहुणा आणि बारा लाडू घेऊन आलेली ती संशयित, हा दर जरा फेरविचारात घ्यावा. आक्का म्हणालीसुद्धा, "आपण पन्नासाचंच काढलं असतं. बघता बघता आपलं पोरही दिसलं असतं."

तुरुंगाचे मराठीवर उपकार थोडे नाहीत. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेत लिहिलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. आईवरचं मराठीतलं सगळ्यांत लाडकं पुस्तक गजाआड लिहून झालं. त्या गजांबाहेर उभ्या असलेल्या आयांवर मात्र अजून फक्त परिपत्रकं निघतात. आणि गांधीजींची तर गोष्टच वेगळी. १९३० साली येरवड्यातून ते आश्रमाला पत्रं पाठवत, त्यात तुरुंगाला ते मंदिर म्हणत. आम्ही चपला, पिना, फोन आणि नैवेद्य बाहेर ठेवून रांगेत उभे होतो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की महात्मा उगाच काही बोलत नसे.

एक वाजून चाळीस मिनिटांनी आमचा नंबर पुकारला. मनगटावर जांभळा शिक्का मारला. आत गेलेलेच बाहेर यावेत, अदलाबदल होऊ नये, यासाठी तो असतो. माझ्याशी अदलाबदल करायला भाचाही तयार झाला नसता, पण नियम म्हणजे नियम. काचेपलीकडे रिकामं स्टूल होतं. वीस मिनिटं सुरू झाली, भाच्याला मात्र बराकीतून बोलावून आणायला सात लागली. ती वीसातूनच वजा.

तो आला. वाळला होता. काचेच्या या बाजूला फोनचा रिसीव्हर एकच होता, तो आक्काने धरला, एक हात पदराला. मला फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं आणि त्याचे ओठ दिसत होते.

"जेवतोस ना?... पंप? झाला की दुरुस्त. मामाने माणूस लावून दिला... नाही रे, माझं काही दुखत नाही. येताना बसायला जागा मिळाली... बायको बरी आहे, माहेरी गेलीय चार दिवस."

पंप दुरुस्त झाला नव्हता. सुनेचे चार दिवस तीन महिने चालले होते. आणि आत सगळं उत्तम आहे, भाजी बरी असते, झोप लागते, असं तोही पलीकडून सांगत असावा, कारण आक्का मान हलवत होती आणि तिचा त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास बसलेला नव्हता. तेरा मिनिटांत ती दोघं मिळून जेवढं खोटं बोलली, तेवढं पतसंस्थेच्या ताळेबंदातही नव्हतं.

मग लाइन बंद झाली. आक्काने रिसीव्हर ठेवला नाही. काचेवर बोटं टेकवली. मागून आवाज आला, "काचेला हात लावू नका."

आपल्या कारागृहांमध्ये 'गळाभेट' नावाचा एक उपक्रम असतो. शिक्षा भोगणाऱ्या आईबापांना त्यांची लहान मुलं थोडा वेळ मांडीवर घेऊ देतात. चांगला उपक्रम आहे, यात चेष्टा नाही. पण आमच्या घरी तो लागू व्हायचा, तर भाच्याने आधी शिक्षा लावून घ्यायची आणि आक्काने सोळा वर्षांच्या आतलं होऊन यायचं. त्यातलं पहिलं कोर्टाच्या गतीवर अवलंबून आहे. कोर्टाच्या गतीने दुसरं आधी होईल.

बाहेर आलो. टपरीवरून फोन सोडवला, पिन सोडवली. लाडवांचा भुगा रांगेतल्या पोरांनी संपवला होता. मावशी अजून आतच होती.

एसटीत आक्का खिडकीशी बसली. सरकारने बायकांना अर्धं तिकीट केलंय, त्यामुळे आईला मुलाकडे जायचा खर्च निम्मा झालाय हे मान्य करायलाच हवं. तिने पैसे पुढे केले, तेव्हा कंडक्टरचं लक्ष मनगटाकडे गेलं. तिने पदर ओढून घेतला, पण उशीर झाला होता.

"देवाला जाऊन आलात वाटतं आजी? हल्ली शिक्का मारतात होय?"

"मारतात."

"काय गर्दी असते हो सगळीकडे. झालं का दर्शन?"

आक्काने तिकीट घडी करून बटव्यात ठेवलं.

"मुखदर्शन झालं," ती म्हणाली.