पटाची जोडी नांगराला

डेट्रॉइटजवळ, मिशिगन
पोळ्याच्या आधीचा आठवडा

तीर्थस्वरूप मामाजी आणि आत्याबाई यांना शि. सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर आत्याबाईंनी विचारलं, "पोरगा असा थकल्यावानी काऊन बोलून राहिला?" तर हे म्हणाले, "काम लय आहे." काम लय आहे हे खरं. फक्त ते ऑफिसात नाही, आमच्या गॅरेजात आहे. तुमच्या चिरंजीवांनी तिथे इंजन मांडलं आहे.

लहानपणी हे शाळा बुडवून हिवरखेडच्या स्टेशनावर मीटरगेजचं इंजन पाहायला जायचे, असं आत्याबाईच सांगतात. तेव्हा तुम्ही कान धरला असता तर आज माझी धुण्याची मशीन गॅरेजात ग्रीस खात बसली नसती.

मामाजी, इंजन शेव्हरलेचं आहे, ४५४ नावाचं. इकडे माप घनइंचात सांगतात. आपल्या हिशेबानं ते ७,४०० सीसीच्या वर जातं. मारुती ८०० चं अख्खं इंजन ७९६ सीसीचं. याच्या आठ सिलेंडरांपैकी एकेक ९३० सीसीचं. म्हणजे एका सिलेंडरमध्ये मारुतीचं इंजन मावून वर आत्याबाईंच्या लोणच्याला जागा उरते. या जातीला बिग ब्लॉक म्हणतात. कंपनीनं १९६५ साली ३९६ चं काढलं, मग ४२७ चं, आणि १९७० साली हे. सगळं जोडून वजन तीनशे किलोच्या वर. एका जुन्या पिकअपमधून निघालेलं हे धूड यांनी भंगारातून आणलं, सिलेंडर तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोर करून घेतले, नवे पिस्टन, रिंगा, बेरिंगं घातली. आता ते ४६० घनइंचाचं झालं. वाढलं म्हणून पेढे वाटायचे तेवढे राहिले.

हे सगळं १९७१ च्या एका शेव्हेल गाडीसाठी. आणि खरी गंमत पुढे आहे. यांना ही गाडी शुक्रवारी रात्री पट्टीवर पळवायची आहे, आणि शनिवारी सकाळी तिच्यातूनच दूध-भाजी आणायची आहे.

पट्टी म्हणजे तुमचा बैलांचा शंकरपटच. दोन गाड्या शेजारीशेजारी, सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, वळसा नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारं घड्याळ. हाकणारा धुरकरी तेवढा आत बसतो. पोरांनी भर रस्त्यात गाड्या पळवू नयेत म्हणून १९५१ साली वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, तेव्हापासून याला कायदेकानून आले. १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला तर हेल्मेट लागतं, ११.४९ च्या आत आलात तर गाडीत लोखंडी कमान (रोल बार) बसवावी लागते. तुमचा पट २०१४ साली कोर्टानं बंद केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुरू करू दिला. मधल्या वर्षांत तळेगाव दशासरच्या पटाच्या नावानं सुस्कारे टाकत तुम्ही ओसरीवर बसायचे, ते मी पाहिलं आहे. म्हणूनच तुम्हाला लिहून राहिले. दुसऱ्या कोणाला हे दुखणं कळायचं नाही.

तुमचंच वाक्य आहे: "पटाची जोडी नांगराले जुपत नाईत, अन् नांगराचे बैल पटात धावत नाईत." हे मी यांना ऐकवलं. हे म्हणाले, "ते बैलांचं झालं." नाही मामाजी, इंजनाचंही तेच आहे. एकेक पार्ट घ्यायच्या वेळी आमच्याकडे कापसाचा भाव ठरावा तसा सौदा झाला.

पहिला सौदा कॅमचा. पटाच्या कॅमवर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, त्यामुळे वरच्या फेऱ्यांत इंजन पोटभर हवा घेतं. पण तेच इंजन सिग्नलवर ढब-ढब करत अख्खी गाडी हलवतं, आणि आत व्हॅक्यूम पुरेसा तयार होत नाही. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. म्हणजे पळायला इंजन आणि थांबायला गजानन महाराज. मी म्हटलं, यातून पोरं शाळेत सोडायची आहेत. हे एक नंबर खाली उतरले.

दुसरा सौदा कॉम्प्रेशनचा. १९७० साली कंपनीनं याच ४५४ चा एलएस-६ नावाचा अवतार काढला होता: ४५० हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन ११.२५ ला १. यांना तेच पाहिजे होतं. पण तेव्हा पेट्रोलात शिसं असायचं. पुढच्याच वर्षी कंपनीनं कॉम्प्रेशन उतरवलं, आणि १९९६ पासून इथल्या रस्त्यांवर शिशाचं पेट्रोल कायद्यानं बंद झालं. आता पंपावर मिळतं त्या ९३ ऑक्टेनवर, लोखंडी हेड ठेवून एवढं दाबलं तर पेट्रोल आपल्याच मर्जीनं भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. साडेनऊवर मिटलं.

तिसरा क्राऊन-पिनियनचा. ४.१० चं घेतलं तर गाडी जागेवरून उसळी मारते, पण हायवेवर तासाला ६० मैलांना इंजन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आसपास ओरडत राहतं. शेजारच्या सीटवरच्या बायकोला फोन लावून बोलावं लागेल. यांना ही सोयच वाटली. तरी ३.७३ ठरलं.

मग इंजन सुरू करायचा दिवस आला. नवा कॅम आणि टॅपेट एकमेकांना रुळावे म्हणून पहिली वीस मिनिटं इंजन २,००० फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नसतं. तेलही खास जस्तवालं लागतं, कारण आताच्या गाड्यांच्या तेलातलं जस्त धुराच्या नियमांपायी कमी केलं आहे. रविवारी सकाळी वीस मिनिटं आमच्या गल्लीत कोणाला कोणाचं ऐकू आलं नाही. मला वाटलं, आता पोलीस येतात. आले शेजारचे आजोबा, घडीची खुर्ची घेऊन! सारी नोकरी मोटारींच्या कारखान्यात गेलेली. डोळे मिटून बसले आणि शेवटी म्हणाले, तिसऱ्या सिलेंडरचा टॅपेट वाजतो आहे. खरंच वाजत होता. हे गावच तसलं. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून दिवसभर धूर खातात. तुमच्या नातवाला अठराचा पाढा येत नाही, पण सिलेंडर कोणत्या क्रमानं पेटतात ते झोपेतही म्हणतो: १-८-४-३-६-५-७-२. बाईंनी शाळेतून चिठ्ठी पाठवली आहे.

आता पट्टीवरची हकीकत. पहिल्या धावेत रस्त्यावरच्या साध्या टायरांचा नुसता धूर झाला, गाडी जागच्या जागी. हळूहळू हात बसला आणि १२.८४ सेकंद लागले. हे घरभर नाचले. मग यांनी शर्यतीत नाव घातलं. मामाजी, इथे एक प्रकार तुमच्या पटात नाही. आपल्याला किती सेकंद लागतील ते आधी काचेवर लिहून द्यायचं. धिमी गाडी तेवढ्या फरकानं आधी सुटते. पण लिहिल्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर बाद! म्हणजे जो जास्त पळतो तो जिंकत नाही, जो बोलल्यासारखा पळतो तो जिंकतो.

यांनी लिहिलं १३.००. शेजारची गाडी पुढे दिसली, राहवलं नाही, पाय दाबला आणि आले १२.८४ मध्ये. पहिल्याच फेरीत घरी.

पुढच्या शुक्रवारी मी म्हटलं, मला चालवू द्या. हे हसले. मी काचेवर १३.४० लिहिलं. कुंकू लावलं, हेल्मेट घातलं. पिवळे दिवे उतरून हिरवा लागला तशी सोडली. शेजारी कोण आहे ते पाहिलंच नाही. दूध नासायच्या आत घरी पोचायचं असतं त्या अंदाजानं चालवली. तीन फेऱ्या जिंकले. चौथ्या फेरीत एक सत्तरीच्या आजीबाई भेटल्या, त्यांनी हरवलं. त्याचं दुःख नाही.

तेव्हापासून हे त्या लोखंडी कमानीच्या किमती पाहून राहिले. ११.४९ च्या आत यायचं म्हणतात. म्हणून विनंती आहे की पुढच्या फोनवर तुम्ही नांगराचं आणि पटाचं ते वाक्य स्वतःच्या तोंडानं ऐकवावं. माझ्या तोंडून ते बायकोचं होतं. आणि गाडी कुठल्या कामाला ठेवायची याचा निकाल लागला, की धुरकरी कोण याचाही लावून टाका.

आत्याबाईंना नमस्कार. पानपिंपरीचा भाव काय निघाला ते कळवा. पोळ्याला ठोंबरा मी करणारच आहे. बैल नाहीत म्हणून शेव्हेलच्या बॉनेटला हळद लावू म्हणते. रंगाच्या खर्चावरून हे आधीच चिडले आहेत.

आपली सून

ता. क. : हे तुम्हाला सांगतील की त्या शुक्रवारी हवा थंड होती, पट्टी चिकट होती, टायर बदललेले होते. मामाजी, गाडी तीच होती.