आठ घंटे, अस्सी किलोमीटर

नाताळच्या सुट्टीत जयपूरच्या सिंधी कॅम्प बसस्थानकाबाहेर एक गृहस्थ हमखास दिसतो. डोक्याला माकडटोपी, पोटावर पाकीट, एका रिक्षावाल्याला झिडकारून दुसऱ्याकडे निघालेला. मागून हाक येते, "अहो, बसा की आता!" हे आपले काका. सात जणांच्या ग्रुपचं वाहतूक खातं त्यांच्याकडे आहे. ते त्यांना कुणी दिलेलं नाही, पण काढून घ्यायची हिंमतही कुणात नाही.

"मीटर?" हा काकांचा पहिला प्रश्न. जन्म मुंबईत गेला, त्याला इलाज नाही. रिक्षावाला प्रेमळ हसतो आणि म्हणतो, "आप जो समझो, दे देना।" काका आयुष्यात कशाला घाबरत असतील तर ते या वाक्याला. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर थकलेली रक्कम वसूल करायला याच शहरावर चालून आले होते. ती जयपूरकर आता हप्त्याहप्त्याने परत घेताहेत, असं काकांचं मत आहे. मला ते अगदीच नामंजूर नाही.

ई-रिक्षाही तपासून झाली. माणशी भाडं स्वस्त, पण सात जणांना दोन लागतात आणि दुसरीत भाव कोण करणार? मग काकांना मेट्रोचा शोध लागला. छापील दर, यंत्रातून टोकन, वाद घालायला माणूसच नाही! चांदपोलहून बसून सगळे बडी चौपडला उतरले. पैसे वाचले, वेळ वाचला. फक्त या टप्प्यात मेट्रो जमिनीखालून जाते. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये आखलेलं शहर, त्या सरळ रेषेतल्या बाजारपेठा, तो गुलाबी रंग, सगळं ग्रुपच्या डोक्यावरून गेलं. "गुलाबी कुठंय?" नातवाने विचारलं. "वर," काका म्हणाले.

आमेरला मात्र कसोटी लागली. किल्ल्यावर जायला हत्ती, जीप किंवा स्वतःचे पाय. हत्तीवर दोघंच बसतात. म्हणजे सातवा एकटा, आणि पैसे मात्र अख्ख्या हत्तीचे. "एक हत्ती कमी करून काही जमतंय का?" असं काकांनी विचारून पाहिलं. दर ठरलेला आहे, एक रुपया इकडेतिकडे होणार नाही, हे कळताच त्यांची भूतदया जागी झाली. मुक्या जनावरावर बसून मिरवणं आपल्याला पटत नाही, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. (हत्तींच्या हालांबद्दल प्राणिप्रेमी खरंच ओरडत असतात, काका योग्य बाजूला होते, फक्त आले वेगळ्या वाटेने.) जीपमध्ये मुकं जनावर नव्हतं, तेव्हा तिथे "शिवनेरी चढलेली माणसं आपण" हा मुद्दा काढावा लागला. सगळे चढले. काकू सूरज पोलपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. काकांना ती संमती वाटली.

शेवटच्या दिवशी घरच्यांनी बंड केलं आणि मोठी गाडी ठरली. आठ घंटे, अस्सी किलोमीटर. पुढे तासाला जादा. ड्रायव्हर सज्जन. त्याने वाटेत दोनदा फक्त "पाच मिनिटं बघायला" म्हणून रजयांच्या दुकानात नेलं. गरज नसताना चार रजया झाल्या, कारण दुकानात भाव करणं काकूंच्या खात्यात येतं. काका जलमहालपाशीही पाण्याकडे पाहत नव्हते. त्यांची नजर किलोमीटरच्या आकड्यावर होती.

आठला निघालेली मंडळी चारच्या सुमारास जंतरमंतरला होती. सम्राट यंत्राची सावली जयपूरची स्थानिक वेळ दाखवते आणि घड्याळातली भारतीय प्रमाणवेळ त्याच्या साधारण अर्धा तास पुढे असते, एवढं गाईडने सांगितलं मात्र, काकांचा चेहरा उजळला. अख्ख्या सहलीत एखादी वास्तू त्यांनी एवढ्या आस्थेने पाहिली नव्हती. सावलीचा फोटो काढून ते तडक पार्किंगमध्ये गेले.

"देखो, अभी साडेतीनच बजे हैं। आधा घंटा बाकी है। तुम्हारे महाराजाची घड़ी है, मेरी नहीं!"

ड्रायव्हरने फोटो मोठा करून नीट पाहिला. मोबाईल अदबीने परत दिला.

"बिल्कुल सही है, साहब। तो फिर सुबह हम साढ़े सात बजे निकले थे।"